कुबातला न दिसलेली मेंढी

रस्त्याकडेला हात वर केला की व्हॅन कच्चकन थांबते, आणि रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवला की तीच व्हॅन अंगावर येते! मंडळी, हे काय गौडबंगाल आहे? आमच्या बिश्केकमध्ये, किर्गिझस्तानच्या राजधानीत, तर हे रोजचंच.

आमच्या गल्लीतला कुबात प्रवासी व्हॅन चालवतो. नजर काय विचारता! धुक्यात, झाडांच्या रांगेआड कुणी अर्धा हात उचलला तरी गडी मागच्या व्हॅनला चकवून तिथे हजर. आणि हाच कुबात एका सकाळी बेकरीपुढच्या पट्ट्यांवर अनिपा अपांची पिशवी उडवून गेला. अंडी रस्त्यावर आणि अपा अंड्यांत!

"आई शप्पथ, दिसलाच नाहीत, अपा!" कुबात धावत आला.

"मी? कपाटाएवढी बाई मी!"

वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे अपा म्हणतात. आणि या अपा म्हणजे शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. हाडं शाबूत, जीभही शाबूत.

संध्याकाळी तुर्दुबाय आजोबांच्या अंगणात म्हाताऱ्यांची पंचायत बसली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की कुबातची नजर ससाण्यासारखी आहे.

"म्हणजे लबाडच!" तुर्दुबाय गरजले. "किल्ली ठेव इथे. गाडी बंद."

कुबातचा चेहरा उतरला. घरची चूल त्या किल्लीवरच पेटायची.

"थांबा हो," अपा म्हणाल्या. "पोरगा खरं बोलतोय. आणि तेच जास्त भयंकर आहे! एक दिवस किल्ली राहू दे त्याच्याकडे. मी शेजारी बसेन. आणि सागिन, तुझी मेंढी लागेल मला."

"कापायला?" पंचायतीत बसलेल्या सागिनने आशेने विचारलं.

"शिकवायला, मेल्या!"

दुसऱ्या दिवशी अपा पुढच्या सीटवर बसल्या, हातात गरम सामसा, म्हणजे आमचा खिम्याचा समोसा. कुबात अगदी सांभाळून चालवत होता. वाटेत एक हात वर, थांबला. दूर वळणावर कुणाचा हातमोजा हलला, तिथेही थांबला. बेकरी मागे पडली तशा अपा म्हणाल्या, "घे बाजूला. आत्ता पट्ट्यांवर कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

मागचे प्रवासी फिदीफिदी हसायला लागले. "अरे बाबा, मेंढी होती! लाल रुमाल बांधलेली!"

"माझी टिंगल करता काय?"

कुबात तणतणत मागे चालत गेला. पट्ट्यांच्या तोंडाशी उंच पांढरी टोपी घातलेला सागिन, शेजारी लठ्ठ शेपटीची मेंढी, तिच्या डोक्यावर अपांचा लाल रुमाल!

"सकाळपासून उभा आहे!" सागिन ओरडला. "प्रत्येक फेरीला तोंडासमोरून जातोस. मेंढीसुद्धा चिडलीय!"

कुबात फुटपाथवरच बसला. "अपा, मला काय झालंय हो?"

"तुला एकट्यालाच नाही, आपल्या सगळ्यांनाच होतं. डोळ्यांत सगळंच शिरतं रे, पण काय पुढे पाठवायचं ते मेंदू ठरवतो. आणि मेंदू पक्का लोभी! हात दिसला की भाडं मिळतं, हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलंय. म्हणून हात त्याला दिव्यासारखा झळकतो. पट्ट्यांवरचा माणूस काय देतो तुला?"

"काही नाही. उलट मागचा व्हॅनवाला पुढे जातो."

"म्हणून माणूस पुसला गेला! उद्या तिथे तुझीच बायको असेल."

कुबात एकदम उठला. "मेंदू जे शिकलाय ते बदलता येतं का?"

"येतं. पण ठरवून लक्ष द्यावं लागेल, रोज. आणि बक्षीस आम्ही देऊ."

त्या दिवसापासून प्रत्येक वेळी पट्ट्यांआधी कुबात मोठ्याने विचारायचा, "कोण आहे?" तो थांबला की अख्खी व्हॅन ओरडायची, "रहमत!" आमच्याकडचं धन्यवाद हो. रस्ता ओलांडणारेही हात छातीवर ठेवून मान लववायचे. सुरुवातीला इतर व्हॅनवाले खो खो हसले. "मशिदीत चाललास काय, कुबात?" तो ढिम्म. चुकायचा, चिडायचा, पुन्हा विचारायचा, "कोण आहे?"

आणि मग ती सकाळ आली. पुढे कोपऱ्यावर हात वर करून तिघंजण उभे. मागून दुसरी व्हॅन घुसतेय. आणि बेकरीतून एक बाई बाबागाडी ढकलत पट्ट्यांवर आली. कुबातने काही विचारलं नाही. पाय आपोआप ब्रेकवर गेला! मागचा व्हॅनवाला शेजारून सुसाट सटकणार, तेवढ्यात कुबातने खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून नाचवला. वर केलेला हात! तो कुठल्या व्हॅनवाल्याला दिसणार नाही? कच्चकन थांबला. बाई सुखरूप पलीकडे.

"रहमत!" व्हॅन दणाणली.

पंचायतीने किल्ली कायमची त्याच्याकडेच ठेवली. तुर्दुबाय म्हणाले, आता मेजवानी हवी, ती लठ्ठ मेंढी आणा. कुबात आडवा आला, "हात लावाल तर खबरदार! गुरू आहे ती माझी!"

तर मंडळी, आपल्याला जगातलं सगळं दिसतं, या भ्रमात राहू नका. ज्याबद्दल आपलं कौतुक होतं, तेच आपल्या डोळ्यांना दिसायला लागतं. तेव्हा उद्या कुणी तुमच्यासाठी थांबला, तर खाली मान घालून निघून जाऊ नका. खणखणीत रहमत म्हणा! पुढच्या माणसाला तो नक्की बघेल.