चिकट, टाकी क्रमांक दोन

मी एक जुना समाजसेवक आहे. वय बारा दिवस. आम्हा जिवाणूंत एवढ्या वयाला आजोबा म्हणतात. शहराचे सांडपाणी जिथे शुद्ध होते, तिथल्या दोन नंबरच्या टाकीत माझा जन्म झाला.

मित्रांनो, माझ्या अंगातून बुळबुळीत चिकटा सुटतो. माणसांत चिकट म्हणजे कंजूष. आमच्यात मात्र नातलग धरून ठेवायची ती एकच रीत. घाण खायची, एकमेकांना बिलगायचे आणि गोळा होऊन तळाशी बसायचे, म्हणजे वर नितळ पाणी उरते. लोक त्या पाण्याचे कौतुक करत आणि तळाकडे पाहून नाक मुरडत. फक्त ऑपरेटरकाका रोज सकाळी टाकीतले लिटरभर पाणी उंच मोजपात्रात भरत, अर्धा तास खिडकीत ठेवत आणि गाळ कसा बसतो ते पाहत. "बसलात का शहाण्यासारखे?" म्हणत आणि आम्हाला परत घरी ओतत.

त्या सकाळी मी मोजपात्रात होतो. बाहेर नवे साहेब आले.

"काका, टाकी काय घाणेरडी दिसतेय. उद्या तपासणीला पाहुणे येणार."

"साहेब, ती तपकिरीच असते. तो गाळ जिवंत आहे."

"जिवंत? मग तर आणखीच वाईट. ब्लीचिंग पावडर टाका."

"अहो, मरतील सगळे."

"मग स्वच्छच होईल ना."

पाच पोती पडली. दुपारपर्यंत आमची भाऊबंदकी संपली. माणसांत ती इतक्या लवकर संपत नाही. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, टाकीचे फोटो काढून गेले.

मी मात्र खिडकीतल्या मोजपात्रातच राहिलो होतो आणि तिथल्या पाण्यातली हवा संपत चालली होती. बाजूचे एकेक सुटत गेले. धरायला कोणी नव्हते, तरी माझा चिकटा थांबेना. तेवढ्यात काकांनी घरून माशांच्या पेटीचा हवेचा पंप आणला.

"मासे दोन दिवस कळ काढतील," ते म्हणाले. "तुमचं तसं नाही."

टाकी धुऊन पुन्हा सांडपाण्याने भरली, तेव्हा त्यांनी मला तीत ओतले. "वंशाचा दिवा आहेस बाबा. पसर आता."

केवढी ती टाकी! हाक मारावी असे कोणी नाही. मित्रांनो, बुळबुळीत दिसेल ते घासण्याआधी ते काय काम करते, एवढे एकदा विचारत चला. अख्ख्या शहराचा भार एकट्याच्या शिरावर घेऊन मी कामाला लागलो.

दुपारी शेजारच्या शहरातून आमच्यासारख्याच जिवंत गाळाचे तीन टँकर आले.