जांभळ्या चिचेचा रंग

होणाऱ्या सासूला चारचौघांत खोटारडी म्हणायचं की गप्प बसायचं? मी पुरता पेचात सापडलो होतो. आणि रविवारीच नेलिदाला मागणी घालायची होती!

झालं असं, की नेलिदाची आई ओबदुलियाबाई रीमाक वस्तीतल्या बाजारात चिचा विकते. जांभळा मका, अननसाची सालं आणि दालचिनी उकळून केलेलं ते सरबत म्हणजे बाईचा जीव की प्राण. समोरच्या गाळ्यावरच्या पेत्रोनिलानं बोंब ठोकली, "पुडीतली पावडर कालवते हो ही!" मी पडलो फळं-भाज्यांचे रंग तपासणारा. बाईंनी नेलिदाच्या हाती माझ्या प्रयोगशाळेत बाटली धाडली आणि निरोप दिला, "तपास, आणि रविवारी सगळ्यांसमोर सांग."

तपासली. मक्याचा रंग भारी लहरी. खायचा सोडा पडला, की जांभळ्याचा निळा-हिरवा व्हायलाच हवा. हा ढिम्म! आणखी सोडा टाकला, तरी ढिम्म. कारखान्यातला रंग होता तो, शंकाच नको.

रविवारी सगळं गणगोत जमलं. बदकाचा भात वाढला, ग्लासांत चिचा ओतली आणि बाईंनी पळी आपटली.

"हं रुफिनो, सांग यांना."

"आधी जेवून घेऊ या ना, सेन्योरा."

"का रे? त्या पेत्रोनिलाचा मिंधा झालास की काय?"

झालं, माझं टाळकंच सटकलं. "मिंधा? मी? त्या बाटलीत मक्याचा दाणासुद्धा नव्हता! निव्वळ पावडर!"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "माझ्या आईच्या हातची चव आहे रे ती, मेल्या! चालता हो!"

मला स्वतःचीच लाज वाटली. पण हाडाचा तपासनीस मी, जाता जाता स्वयंपाकघरातून चिमूटभर सोडा आणून माझ्या पुढ्यातल्या ग्लासात टाकलाच. जांभळी चिचा बघता बघता निळी-हिरवी झाली.

"अहो, ही तर अस्सल आहे!" मी ओरडलो. "मग बाटलीत काय होतं?"

सगळ्यांच्या माना नेलिदाकडे वळल्या.

"बस किती वेळ अडकली होती, आई! तहानेनं जीव नुसता कासावीस झाला. बाटलीतली प्यायले मी. मग दुकानातून पुडी घेतली, पाण्यात कालवली."

"अगं, तपासायला दिली होती ना ती?" मी कपाळावर हात मारला.

"तू रंगच तपासणार होतास ना? रंग तर अगदी तोच होता! साखरसुद्धा बेताची घातली होती."

ओबदुलियाबाईंनी पदर नव्हता म्हणून एप्रननं डोळे पुसले, माझा दंड धरला आणि मला परत खुर्चीत बसवलं.

"तोंडावर खरं बोलतो. मला हा जावई पसंत आहे," त्या म्हणाल्या. "ही पोरगी करायची की नाही, ते बाबा तू बघ."