तणमोराचा पाय धरणारा फास

मला पाहून तुम्ही नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे, मित्रांनो. खुशाल मुरडा. मी पाखरे धरण्याचा फास आहे. कित्येक वर्षे एका सरकारी कपाटात पडून आहे आणि माझ्या गळ्यात ‘शिकारीचे साहित्य’ अशी चिठ्ठी बांधलेली आहे. चिठ्ठीत खोटे काही नाही. पण अर्धेच लिहून हात झटकणाऱ्या माणसांचा मला वीट आला आहे, म्हणून उरलेले मी सांगतो.

शेणवे गावाच्या वरच्या अंगाला एका डोंगरवाडीत लखमा राहतो. १९९१ साली त्याने म्हसा गावच्या जत्रेतून घोड्याच्या शेपटीचे केस मागून आणले, मांडीवर वळले आणि मला बांबूच्या खुंटीला बांधले. घोड्याचा केस पाय आवळतो, पण कापत नाही. पाखरांचे चेहरे मला कधी कळले नाहीत. मी ओळखतो ते पाय. तितराच्या पायाला मागे एक बोट असते. तणमोराला ते नसतेच.

तणमोर म्हणजे माळढोकाचा धाकटा भाऊ. असेल कोंबडीएवढा. पावसाळ्यात तो वाडीजवळच्या बोंडारमाळावर उतरायचा. मादीला दिसावे म्हणून नर गवताच्या वर उंच उडी घेतो आणि पुन्हा त्याच जागी उतरतो. दिवसभर तेच. त्या जागेवर मला लावले की काम झाले. मी किती धरले ते लपवत नाही. अंड्यांवरची मादी मात्र लखमाने कधी धरली नाही. वाडीत तसा रिवाजच नव्हता. पुढे जीपमधून बंदूकवाले येऊ लागले. त्यांना असला रिवाज ठाऊक नव्हता. एका वर्षी सगळा श्रावण गेला, माळावर एकही उडी दिसली नाही. श्रावण सरला त्या दिवशी लखमाने मला आढ्याला खोचले आणि म्हणाला, “बस झाला.”

त्यानंतर तोच माळ राखू लागला. घरटे दिसले की भोवतालच्या गवताच्या शेंड्यांना गाठ मारायचा. गाठ दिसली की गवत कापणाऱ्या बाया तेवढे सोडून पुढे जायच्या. चार-पाच वर्षांनी तणमोर पुन्हा उड्या मारू लागले. याचे कौतुक कोणी केले? कोणीच नाही.

२००३ च्या पावसाळ्यात माळावर चुन्याच्या खुणा पडल्या. वनखात्याला झाडे लावायची होती, हजारभर खड्डे. लखमाने गाठ मारलेल्या जागेपासून पहिली खूण चार पावलांवर होती आणि आत मादी अंड्यांवर बसली होती. लखमा धावत साहेबांकडे गेला.

साहेब म्हणाले, “अरे, ओसाड माळ हिरवा करतोय आपण. झाडं आली की पक्षी आपोआप येतील.”

“सायेब, ह्यो झाडावं बसनारा नाय. याला मागचा बोटच नाय, फांदी धरंल कशी?”

“आम्ही दोनदा पाहणी केली. एक पक्षी दिसला नाही.”

“तुमी गाडीतून पायलात. तो गवतात बसला की माझ्या बापाला दिसत नाय!”

“पुरावा आण. सोमवारी खड्डे सुरू.”

घरी आल्यावर त्याची बायको चिमी हसली. “सायबाला पाखरू दिसत नाय, न् तुला सायब दिसत नाय. गप बस ना रे!”

पण लखमा गप बसणारा नव्हता. त्याने आढ्यातून मला काढले. मला तेव्हाच कळायला हवे होते. नर उडी घेऊन जिथे उतरतो तिथे मला लावून तो पुढ्यात दबा धरून बसला. पाय अडकताच त्याने पाखरू अलगद टोपलीत घेतले, वर ओले फडके टाकले आणि थेट कार्यालयात नेऊन टेबलावर ठेवले. खांद्यावर मीही होतो. असा भोळसटपणा आमच्या लखमानेच करावा!

साहेबांनी फडके उचलले. पायाची बोटे मोजली. तीनच. 

मग साहेब म्हणाले, “लखमा, हा तर खरंच तणमोर आहे.”

“मंग? काय सांगत व्हतो?”

“पण तू तो धरलास. आता तुझ्यावर केस करावी लागेल.”

“तुमीच पुरावा मागलात ना वो!”

कायद्यापुढे साहेब तरी काय करणार? त्यांनी तासाभरात नराला माळावर सोडले. मग पंचनामा झाला. त्यात लिहावे लागले: बोंडारमाळ, तणमोर, नर, एक, जिवंत. लखमा तोंडाने सांगत होता ते पहिल्यांदा कागदावर आले, तेही त्याच्याच गुन्ह्याच्या कागदावर! दुर्मीळ पाखराचा माळ अशी नोंद झाल्यावर खड्डे खणणार कसे? सोमवारी मजूर परत गेले.

पहिल्या तारखेला मला पुरावा म्हणून कोर्टात नेले होते. बाहेरच्या बाकावर लखमा चिमीला हळूच सांगत होता, “तीन पिल्लं निघाली गो. परवा आईच्या मागून चालत व्हती.”

“मंग आत सांग ना!”

“आत कोन इचारतंय? पाखरू धरलास का, एवढाच इचारतात. धरला व्हता ना.”

चार वर्षे तारखा चालल्या. शेवटी समज देऊन लखमाला सोडले. मला कोणी सोडले नाही, आणि सोडूही नका, मित्रांनो. माझी जागा कपाटातच आहे. पण कधी माळ वाचवायला निघालात, तर झाडे आणि पाट्या घेऊन धावत सुटू नका. त्या माळावर ज्याने शिकार केली आणि नंतर सोडली, तो म्हातारा अजून तिथल्या वाडीत असेल. आधी त्याच्या ओट्यावर बसा. त्याला विचारा, पाखरू कुठे उतरते. आणि तो सांगू लागला की त्याला मध्येच पुरावा मागू नका.