पाहुण्यांसाठी झाडलेली बोडी

अनुदान मागायचं म्हणजे आपली लक्तरं आपणच वेशीवर टांगायची, आणि वर त्यांचे फोटो काढून सही-शिक्क्यानिशी पाठवायचे. नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता म्हणून नऊ वर्षं काढल्यावर मला त्याची लाज वाटेनाशी झाली होती. गुजरीबोडीच्या प्रस्तावात तर मी घाणीचं वर्णन इतकं मन लावून केलं होतं, की टाइप करणाऱ्या बाईने त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

बोडी म्हणजे आमच्या भंडारा जिल्ह्यातला लहान तलाव. गुजरीबोडी अगदी शहराच्या पोटात आहे. पूर्वी तिच्यात शिंगाडा पिकायचा. आता सहा गल्ल्यांचं सांडपाणी एका नाल्यातून थेट तिच्यात येतं. ते पाणी आधी वनस्पतींच्या वाफ्यांतून गाळून मग आत सोडायचं, काठाची पाळ मातीचीच ठेवून तिच्यावर झाडं लावायची, सिमेंट ओतायचं नाही, अशी माझी योजना होती. पैसे यायचे ते शहरांच्या पुनरुज्जीवनासाठी असलेल्या सरकारी अनुदानातून, आणि तीन शहरांतून एकालाच. आम्हाला मिळाले नाहीत, तर अर्धी बोडी बुजवून दुकानं काढायचा ठराव तयारच होता.

बोडीकाठच्या ललिताबाईंना ही योजना आणि तो ठराव दोन्ही तोंडपाठ होते. आधी त्यांच्या सासूने आणि मग त्यांनी या बोडीत शिंगाडा लावला. आठ वर्षांपूर्वी पाण्यात उतरलं की अंगाला खाज सुटू लागली, तेव्हा त्यांनी वेल उपटून टाकले. तरी रोज सकाळी त्या पाळीवर येऊन उभ्या राहायच्या, दवाखान्यात कुणाला भेटायला यावं तशा. प्रस्तावासाठी दारोदार फिरून सह्या जमवल्या त्या त्यांनीच.

नोव्हेंबरात अनुदान देणाऱ्या समितीची पाहणी ठरली. रविवारी मी ललिताबाईंना निरोप दिला, "गुरुवारी मुंबईचे पाहुणे बोडी पाहाले येऊन राह्यले. सगळ्याइले हजर ठेवा." एवढंच बोललो. चूक झाली ती तिथेच.

गुरुवारी पोचलो तर वाटलं, आपण गल्ली चुकलो. जलपर्णी गायब, प्लास्टिक गायब. पाळ शेणाने सारवलेली, तिच्यावर रांगोळ्या, वर आंब्याच्या पानांचं तोरण. नाल्याच्या तोंडाशी मातीचा बांध घालून घाण पाणी मागच्या पडीक जागेत अडवून ठेवलेलं. वाससुद्धा नव्हता. वस्तीतल्या बाया चार दिवस खपल्या होत्या. ठेवणीतली लुगडी नेसून त्या ओळीने उभ्या होत्या आणि माझ्या शाबासकीची वाट बघत होत्या.

माझं डोकंच फिरलं. "ललिताबाई, हे काय करून ठेवलं? काहून केलं?"

"पाव्हणे येऊन राह्यले ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "घरची घाण दाखवाची का त्याइले?"

"घाणीलेच मार्क आहेत, बाई! शंभरातले चाळीस! बोडीची हालत जितकी खराब, तितके मार्क जास्त. मी कागदावर रडलो, अन् तुमी इथं दिवाळी करून ठेवली!"

ललिताबाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे आमी झाडली म्हणून बोडी जाईन?"

तेवढ्यात गाड्या आल्या.

समितीच्या प्रमुख होत्या कामिनी मॅडम. त्यांना ओवाळलं, चहा झाला, उकडलेले शिंगाडे झाले. शिंगाडे आंधळगावच्या बाजारातून विकत आणले होते, हे कुणी सांगितलं नाही. मॅडम पाळीवरून फिरल्या. मग त्यांनी माझ्या फाइलीतले फोटो पाहिले आणि पुन्हा समोर पाहिलं.

"हे कधीचे?"

"सहा महिन्यांपूर्वीचे. मॅडम, या बायांनी चार दिवसांत..."

"कौतुक आहे. पण मला आज दिसतं तेच लिहावं लागतं. गरज जास्त तिथे पैसे जावेत, हे तुम्हालाही पटेल."

पटत होतं, म्हणूनच जास्त राग आला. रागवायला माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा, मॅडम," ललिताबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात फावडं होतं. त्या बांधाकडे निघाल्या, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. शेजारच्या गिरजाबाईंनी धावत जाऊन त्यांचा हात धरला. "नोको वं, ललिता. चार दिवस मेलो आपण!"

"सोड," ललिताबाई म्हणाल्या. "पाव्हणे आले म्हणून लाज झाकली. बोडीच नाई राह्यली तं ते लाज घेऊन काय करू?"

पाचव्या घावाला बांध फुटला. चार दिवस अडलेलं काळं पाणी उसळून बाहेर आलं. रांगोळ्या गेल्या, सारवण गेलं, आणि ते सगळं नितळलेल्या पाण्यात जाऊन पडलं. वासाने मॅडमनी नाकाला पदर लावला. गिरजाबाई तोंड फिरवून रडत होत्या. ललिताबाई मात्र बाजूला झाल्या नाहीत. ठेवणीतल्या लुगड्यानिशी गुडघाभर घाणीत उभ्या राहिल्या.

"याच्यात माह्या मोरीचं बी पाणी आहे, मॅडम. सहा गल्ल्याइचं आहे. रोज येते. पाहून घ्या, मंग लिवा."

मॅडमनी नाकावरचा पदर खाली घेतला. त्या नाल्याच्या काठाने वरपर्यंत गेल्या, परत आल्या आणि उभ्याउभ्याच बराच वेळ लिहीत राहिल्या. नोकरीत मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली, त्यांच्यासाठी खुर्च्या पुसल्या, हार आणले. पण त्या सकाळी ललिताबाईंपुढे मला फार लहान वाटलं, आणि तसं वाटलं याचा आनंदही झाला.

फेब्रुवारीत पत्र आलं. अनुदान मंजूर झालं होतं. बोडीच्या सद्यस्थितीला चाळीसपैकी चाळीस. मी गाडी न काढता पळतच पाळीवर गेलो. ललिताबाई नेहमीच्या जागी उभ्या होत्या. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि पदराने डोळे पुसले.

"म्हणजे मॅडम पुन्हा येतीन?"

"येतील ना. काम सुरू होईल, त्या दिवशी."

"मंग या बारीले तरी झाडू का, साहेब? का अजून मार्क कटतीन?"

त्यांच्या घराच्या भिंतीला दोन झाडू टेकवलेले होते. त्यातला एक मी उचलला.