फुलपाखरांच्या पेटीचा जळफळाट

मित्रांनो, भिंतीवर टांगायची, सागवानी चौकटीची आणि पूर्वी काचेचे झाकण असलेली एक जुनी पेटी आहे मी. माझ्या तळाला बुचाचा जाड थर आहे आणि त्यात टाचण्यांची असंख्य बारीक भोके आहेत. आज मी रिकामी आहे. एके काळी माझ्या पोटात फुलपाखरे होती, भुंगे होते, चतुर होते. त्याच पोटात एक दुखणेही होते, मत्सराचे. फुलपाखरे गेली, दुखणे तेवढे राहिले.

मला एका सुताराने घडवले, एका घड्याळजीसाठी. माप घेताना सुताराने विचारले, "एवढी नाजूक पेटी? दागिने ठेवणार की काय?"

"दागिनेच," घड्याळजी म्हणाले, "पण उडणारे."

घड्याळजींचा हात फार हलका होता. दिवसभर ते दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळांची बारीक चाके चिमट्याने उचलायचे. सुट्टीच्या दिवशी मात्र जाळे घेऊन घरामागच्या ओढ्यापलीकडे दाट झाडीत जायचे. पकडलेले फुलपाखरू औषधाचा बोळा घातलेल्या बरणीत ठेवायचे. ते शांत झाले की त्याच चिमट्याने त्याचे पंख पसरायचे, कागदाच्या पट्ट्यांनी दाबून वाळवायचे आणि मग टाचणीने माझ्यात बसवायचे. पंखावरची पूडसुद्धा कधी निघाली नाही.

मी बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर असे. घड्याळजीचेच घर ते. भिंतीवर लंबकाची घड्याळे होती आणि येणारा-जाणारा त्यांच्याकडेच बघायचा. सुरुवातीला त्या घड्याळांनी माझा जीव नकोसा केला. त्यांची टिकटिक मला चिडवल्यासारखी वाटे. पण माझ्या मधोमध ते निळे फुलपाखरू आले आणि चित्र पालटले. गडद निळे पंख आणि त्यांवर नारिंगी पट्टा. डॉक्टरीणबाई घरात कुणाला तपासायला आल्या तरी आधी माझ्यापाशी थांबत. पोस्टमन पत्र हातात तसेच धरून बघत राही. लोक वेळ विचारायला येत आणि वेळ न विचारताच परत जात. त्या दिवसांत मी कुणावरही जळले नाही, कारण सगळे माझ्यावरच जळत होते.

घड्याळजींना एकच मुलगी. जन्मली तेव्हा इवलीशी होती म्हणून तिला सगळे टिकली म्हणत. ते तिला कडेवर घेऊन मला दाखवायचे. तिच्या श्वासाने माझी काच धुरकट व्हायची आणि ते धोतराच्या मऊ कापडाने पुसायचे. मला ते पुसणे फार आवडे.

टिकली मोठी होऊ लागली, चित्रे काढू लागली. एका सकाळी ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. पेन्सिल हातात, मान कधी इकडे, कधी तिकडे. मग म्हणाली, "बाबा, हे खालून कसं दिसतं?"

"खालून? साधंच. वाळक्या पानासारखं. बघण्यासारखं काही नाही."

"काढून दाखवा ना."

"वेडी का तू? पंख मोडेल."

टिकलीने पेन्सिल कानावर अडकवली आणि ती मागच्या दाराने निघून गेली. मला वाटले, रुसली असेल. पण ती गेली ओढ्याकाठच्या पेरूखाली. खाली पडून आंबलेल्या पेरूंचा रस प्यायला ती निळी फुलपाखरे तिथे उतरत. असे बरेच दिवस ती तिथे जाऊन बसली. डास चावून पाय सुजले, आईने ओरडून घसा कोरडा केला, तरी ती बसली.

एक दिवस तिने बाहेरच्या खोलीत, बरोबर माझ्या समोरच्या भिंतीवर, एक चित्र लावले.

त्यात होते एक वाळके पान. मधोमध गेलेली शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, बुरशीचे करडे ठिपके आणि टोकाला देठ. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा माझ्याकडे पाठ करून त्या भिंतीशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "छान काढलंस हं पान."

"पान नाही ते," टिकली म्हणाली. "पाय मोजा."

बाईंनी चष्मा वर सरकवला. बघता बघता त्यांचे तोंड उघडेच राहिले. "अगं बाई! हे तर फुलपाखरू!"

"तुमच्या पाठीमागे आहे ना, तेच. पंख मिटले की असं दिसतं. पक्षी शेजारून जातात आणि त्यांना कळतसुद्धा नाही."

बाई मागे वळल्या. माझ्यातल्या निळ्या फुलपाखराकडे एकदा बघितले आणि परत चित्राकडे वळल्या. मित्रांनो, त्या वळण्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षे ते पान माझ्याच पोटात होते. माझ्याच बुचाला चिकटून होते. मी झाकून ठेवले आणि त्या कागदाने उघड करून दाखवले!

मग रीघच लागली. पोस्टमन आपल्या बायकोला घेऊन आला. शाळेतल्या बाई आल्या. टिकली मग थांबलीच नाही. जुन्या कातीतून निम्मा बाहेर आलेला चतुर तिने काढला. पानाची कड कुरतडणारी अळी काढली, साखरेचा दाणा ओढणाऱ्या मुंग्या काढल्या. समोरची भिंत भरत गेली. माझ्या काचेवर धूळ बसू लागली. त्या चित्रांतले किडे रांगत होते, कुरतडत होते, भांडत होते. माझे सगळे एकाच ओळीत, पंख ताणून, शाळेतल्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे.

त्या घरात जळणारी मी एकटीच नव्हते. पाहुणे चित्रांपुढे उभे राहिले की घड्याळजी खाकरायचे आणि म्हणायचे, "ते ठीक आहे हो, पण खरी वस्तू इकडे आहे." मला कोण आनंद व्हायचा! एकदा त्यांनी हे वाक्य टिकलीसमोरच म्हटले. वर हेही म्हणाले, "चित्र ते चित्रच. माझं फुलपाखरू खरंखुरं आहे."

"तुमचं मेलंय, बाबा," टिकली म्हणाली.

घड्याळजी उठून एका घड्याळाला किल्ली देऊ लागले. आईने आतून हाक मारली, "टिकले, ताटं घे बघू आधी." पण त्या दिवशी बापलेक एकमेकांकडे न बघताच जेवले.

मित्रांनो, घड्याळजी वाईट नव्हते. मुलीशी अबोला धरून त्यांचे मन रमेना. काहीतरी करून तिला खूश करावे, असे त्यांना वाटू लागले. त्या दिवसांत टिकली जास्वंदीवरच्या एका प्रार्थनाकीटकाचे चित्र काढत होती. हिरवीगार मादी होती ती, पोट फुगलेले, पुढचे पाय हात जोडल्यासारखे. मान वळवून ती माणसाकडे टक लावून बघायची. टिकली तिला हिरवी मावशी म्हणे. "मावशी आज जागची हलली नाही," "मावशीनं माशी खाल्ली," असे रोज आईला सांगे. चित्र बरेच झाले होते, पुढचे पाय तेवढे राहिले होते. मावशी सारखी हलायची, त्यामुळे ते काही जमत नव्हते.

एका सकाळी टिकली शाळेत गेलेली असताना घड्याळजी जास्वंदीपाशी गेले. येताना त्यांच्या हातात बरणी होती.

संध्याकाळी त्यांनी मुलीचे डोळे झाकून तिला माझ्यासमोर आणले. चेहरा नुसता फुलला होता त्यांचा. हात काढून म्हणाले, "बघ! आता सावकाश काढ. अजिबात हलणार नाही."

टिकलीने बघितले. निळ्या फुलपाखराच्या शेजारी हिरवी मावशी होती. पाठीतून टाचणी, पुढचे पाय पट्टीने सरळ केलेले. टिकली ना रडली, ना ओरडली. आत गेली, अर्धवट चित्र आणले आणि ते समोरच्या भिंतीवर तसेच लावले. पायांच्या जागी कोरा कागद. मग तिने रंगांची डबी फडताळात ठेवली.

त्यानंतर तिने चित्र काढले नाही.

मी जिंकले होते, मित्रांनो. समोरची भिंत वाढायची थांबली. आता सगळे माझ्याकडे वळतील, या आशेने मी वाट बघत राहिले. आणि झाले काय? जो येई तो त्या बिनपायांच्या चित्रापुढे थांबे. "हे अर्धंच का सोडलंय?" असे विचारी आणि घड्याळजी काहीतरी पुटपुटून विषय बदलीत. दुकानातून आले की तेही चप्पल काढायच्या आधी त्या चित्राकडे बघत, नंतर टिकलीच्या बंद दाराकडे. माझ्याकडे नजर वळेच ना. पूर्ण चित्रांवर जळणे एक वेळ समजू शकते. मी एका अपुऱ्या कागदावर जळत होते!

अशा दिवसांत माझ्या पोटात नवेच काही सुरू झाले. निळ्या फुलपाखराखाली तपकिरी भुकटी पडू लागली. पुढे एका चतुराचे डोके गळाले. घड्याळजींच्या ते ध्यानात यायला बराच वेळ लागला. ध्यानात आले तेव्हा त्यांनी मला घाईघाईने खाली उतरवले, जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि झाकण काढले. चिमटा लागताच निळा पंख हातातच चुरा झाला.

त्या चुऱ्यात काहीतरी हलले. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले. एक अळी होती, तिळाएवढी. तिनेच आतल्या आत सगळे पोखरले होते. चिरडण्यासाठी त्यांनी अंगठा वर केला. पण अंगठा तसाच राहिला. ते बघत राहिले. भिंग खाली-वर करून बघत राहिले.

मग त्यांनी हाक मारली, "टिकले! जरा इकडे ये गं."

दार उघडले. टिकली दूरच उभी राहिली. "काय?"

"हा किडा कोण आहे, सांग बघू मला."

ती टेबलापाशी आली. त्यांनी भिंग तिच्या डोळ्याला लावून दिले. तिने भिंग जरा पुढे-मागे केले. मग म्हणाली, "केसाळ आहे. अंगावर पट्टे आहेत, फिकट, गडद, फिकट. आणि बाबा, मागे झुपका आहे. हात लावला की फुलवतो!"

"यानंच खाल्ली माझी सगळी फुलपाखरं."

"मग मारणार?"

"आधी काढ तू. मग बघू."

टिकलीने त्यांच्याकडे बघितले. "तुम्हाला आवडलाय हा?"

"देखणा आहे लेकाचा," ते हळूच म्हणाले. मग माझ्या कडेवर बोट फिरवत म्हणाले, "मला वाटलं होतं, मावशी हलली नाही तर तुला सोपं जाईल."

"ती अंडी घालणार होती, बाबा."

"माहीत नव्हतं गं. चुकलंच माझं."

टिकली आत जाऊन रंगांची डबी घेऊन आली. बाप भिंग धरून बसला आणि लेक चित्र काढत राहिली. मान अवघडली तरी त्यांनी हात हलवला नाही. आणि मी? माझ्याच घरात राहून, माझेच दागिने खाऊन, तो केसाळ उपटसुंभ चित्रात जाऊन बसला! एवढी वर्षे मी त्या खोलीत होते, पण माझे चित्र काढावे असे कुणाच्या मनात आले नाही. त्या संध्याकाळी मी जितकी जळले तितकी कधीच जळले नव्हते. चित्र झाल्यावर घड्याळजींनी त्या अळीला कागदावर घेतले आणि मागच्या लाकडांच्या ढिगावर सोडून दिले. वर म्हणाले, "पुन्हा घरात दिसलास तर बघ."

माझ्यात काहीच धड उरले नव्हते. मला झटकले आणि मागच्या पडवीत खुंटीला अडकवले. काच दुकानातल्या कपाटाला लागली. जाळे माळ्यावर गेले. आता घड्याळजी सुट्टीच्या दिवशी टिकलीच्या शेजारी पाट टाकून बसतात, भिंग घेऊन. "हलू नका ना बाबा," असे तीच त्यांना दटावते. मी पडवीतून बघते. ते पाटसुद्धा माझ्यापेक्षा नशीबवान.

पण मित्रांनो, परवा एक पाहुणी आली. काळीपिवळी, दोऱ्याइतक्या बारीक कमरेची कुंभारमाशी. तोंडात ओल्या मातीची गोळी. माझ्या वरच्या कोपऱ्यात ती गुणगुणत काम करू लागली. गोळी आणायची, थापायची, पुन्हा जायची. बघता बघता मातीचे इवलेसे मडके तयार झाले, त्याला बाहेर वळलेला काठसुद्धा. ती चोरटी अळी सोडली तर माझ्यात आजवर जे आले ते मेलेले आले. जिवंतपणी, आपल्या पायांनी आलेली ही पहिलीच.

आई झाडू घेऊन आली. "काय हा चिखल पेटीला!"

"अगं थांब, थांब!" घड्याळजी एका पायात चप्पल घालून धावत आले. "टिकले, कागद आण!"

टिकलीने दुपारभर चित्र काढले. माशीची कंबर, पंखांवरची चमक, मडक्यावरच्या मातीचे थर, सगळे. चित्र वाळत ठेवले तेव्हा मी नीट बघितले. माशीच्या मागे, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीच्या दोन आडव्या-उभ्या रेषा आहेत. तेवढी मी आहे.

आता ती माशी दुसऱ्या मडक्यासाठी जागा शोधते आहे आणि तिच्या घिरट्या खिडकीपाशी वाढल्या आहेत. त्या खिडकीत एवढे काय आहे, देव जाणे. मला तर ती खिडकी डोळ्यांसमोर नको झाली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घराच्या एखाद्या कोपऱ्यात असे मातीचे मडके असेल, पानाखाली एखादी अळी असेल. झाडू उचलू नका, बरणीही आणू नका. पाट घ्या, पेन्सिल घ्या आणि ती हलली तरी चिडू नका. तिचे हलणेच बघायचे असते. आणि चित्र काढाल तेव्हा, एवढे ऐका माझे, तिच्या मागचा लाकडी कोपरा तेवढा सोडू नका.