मास्तरांच्या वाटचा तुकडा

बर्थाला नवऱ्याचा संशय यायला लागला तो काचेच्या नळीतला रंग रोज निळाच राहत होता म्हणून. एखाद दिवशी हिरवट झाला असता, पिवळ्याकडे झुकला असता, तर तिने चार शब्द सुनावले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण नाताळाचा आठवडा, घरात करंज्या, कलकल आणि दोदोल अशा गोडाचे डबे गच्च भरलेले, आणि फर्डिनंड मास्तरांची नळी मात्र रोज सकाळी निळीशार. हे काही तिच्या गळी उतरेना.

१९७८ सालच्या ऑक्टोबरात मास्तरांना साखरेचा आजार निघाला. उजव्या अंगठ्याला ठेच लागली आणि जखम महिनाभर चिघळत राहिली, तेव्हा कुठे तपासणी झाली. जखम कशीबशी भरली. वसईच्या डॉक्टरांनी गोड तोडलं, भात अर्ध्यावर आणला, रोज सकाळी तासभर चालायला सांगितलं आणि एक निळ्या औषधाची बाटली हातात दिली. चमचाभर औषधात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं होत होत विटकरी झालं, तर समजून जायचं.

"नाताळात सांभाळा," डॉक्टर म्हणाले होते. "साखर पुन्हा चढली, तर पुढच्या वेळी पाय वाचेल असं मी सांगणार नाही."

मास्तरांनी हे ऐकलं आणि बर्थाने ते काळजात धरून ठेवलं. तिचा थोरला भाऊ आग्नेल असाच 'सणापुरतं, सणापुरतं' म्हणत खात राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याचा पाय गुडघ्याखाली कापला. आता तो दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांकडे बघत असतो. त्याच्या जागी मास्तर बसलेत असं तिच्या डोळ्यांपुढे यायचं. माणूस तिला जपायचा होता, आणि जपायचं म्हणजे पाळत ठेवायची, एवढंच तिला कळत होतं.

वाघोलीत नाताळ काही एका दिवसात उरकत नाही. घरोघरचं फराळाचं ताट येतं, आपलं जातं. आणि ताट आलं की ते आत नेऊन ठेवायचं नाही; आणणाऱ्यासमोरच घरधन्याने एक तुकडा मोडायचा, घरधनिणीने एक. नाही मोडला तर ज्याचं ताट त्याचा अपमान. यंदा मास्तर हात जोडून बाजूला व्हायचे आणि बर्था म्हणायची, "त्यांच्या वाटचा मी खाते हो." आधी आपला, मग त्यांचा. शेजारच्या एमिलीची करंजी, प्लासिडच्या घरचं दोदोल, वाडीपलीकडच्या सरलाबाईंनी मुद्दाम करून पाठवलेले बेसनाचे लाडू, सगळ्यांचा मान तिने एकटीने राखला. घरात तळताना किंवा डब्यात फुटलेली करंजीही तीच तोंडात टाकायची. फुटलेलं, चाखलेलं आणि दुसऱ्याच्या वाटचं हे खाणं थोडंच असतं.

मात्र डब्यातल्या करंज्या कमी होत होत्या, हे तिने बरोबर हेरलं. खाणारी माणसं घरात दोन. त्यातली एक आपण, आणि आपण काही खात नाही. मग राहिलं कोण?

शिवाय मास्तरांचं ते चालणं. वाघोलीहून निर्मळच्या तळ्यापर्यंत जायचं, तळ्याला फेरी घालायची आणि परत यायचं. कॅनव्हासचे बूट घालून ते पहाटेच निघायचे ते थेट दीड तासाने उगवायचे. तासाचा दीड तास कसा होतो? तळ्याजवळ त्यांची बहीण रोझमेरी राहत होती, आणि रोझमेरीचा हात भावाच्या बाबतीत फार सैल. बर्थाने तिला मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारातच गाठलं.

"सकाळी तुझ्याकडे येतात ना ते? काय देतेस खायला?"

"काही खात नाय गं वयनी," रोझमेरी म्हणाली. "कोरा चहा घेतो, बिनसाखरेचा. दोन गोष्टी बोलतो आणि निघतो."

फार पटकन उत्तर दिलं, असं बर्थाला वाटलं. बहीणच ती, भावाचं नाव कशाला सांगेल?

दोन दिवस तिने डोकं चालवलं आणि तिसऱ्या दिवशी, एकोणतीस डिसेंबरला, कपडे नीळ घालून वाळत टाकताना तिला एकदम उलगडा झाला. बादलीतलं पाणी आणि मास्तरांच्या बाटलीतलं औषध, रंग जवळजवळ एकच. औषध केव्हाच संपलं असणार, आणि मास्तरांनी त्यात नीळ कालवून ठेवली असणार. मग किती का उकळेना, निळंच राहणार. तेवीस वर्षं संसार केलेल्या बायकोला हा माणूस कपड्याच्या निळीवर फसवत होता. तिला रडूच आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "तुम्ही फिरून या. आज नळी मी उकळते."

मास्तर आपली लघवीची बाटली ठेवून, बूट चढवून गेले. इतक्या निमूट गेले, याचाही तिला संशय आला.

आधी तिने वाटीभर पाण्यात चांगली दोन चमचे साखर विरघळवली आणि त्याचे आठ थेंब औषधात टाकले. उकळलं. निळंच. उसाची साखर या औषधाला ओळखूच येत नाही, लघवीत उतरणारी वेगळी, तीच तेवढी कळते, हे तिला बिचारीला कोण सांगणार? तिच्या दृष्टीने चोर सापडला होता. तरी माणसावर आळ घ्यायचा तर एकदा आणखी बघावं, म्हणून तिने नळी धुतली आणि या वेळी स्वतःचे आठ थेंब टाकले. आपल्याला काही आजार नाही, काहीही घाला, नीळ ती नीळच.

नळी हिरवी झाली. मग पिवळी. बर्था बघतच राहिली, तेवढ्यात तळाशी विटकरी गाळ साचायला लागला.

आपल्या आणि मास्तरांच्या थेंबांची अदलाबदल झाली, असं म्हणून तिने पुन्हा नळी धुतली, पुन्हा केलं. पुन्हा विटकरी. मग दुसऱ्या नळीत मास्तरांचे थेंब उकळले. ते निळे राहिले.

ती चुलीपाशी बाकावर बसली ती मास्तर आले तरी उठली नाही.

मास्तरांनी विटकरी नळी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "बर्था, मी काही खाल्लं नाही गं," ते म्हणाले. "एक कलकलसुद्धा नाही. तू म्हणशील त्याची शपथ घेतो."

आठवडाभर ती याच घडीची वाट बघत होती. आणि खोटं कशाला सांगा, गप्प बसावं, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. मग म्हणाली, "ती तुमची नाही. माझी आहे."

मास्तरांनी मान हलवली. "मला सांभाळून घ्यायला खोटं बोलू नको. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. काय व्हायचं ते होऊ दे."

तिने निळी नळी उचलून त्यांच्या हातात दिली. "ही तुमची."

मास्तरांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या. मग त्या खाली ठेवून तिच्या शेजारी बसले.

"किती दिवसांपासून असेल गं?" त्यांनी विचारलं.

बर्थाला सांगता येईना. गेले दोन महिने ती फक्त त्यांच्याकडे बघत होती.