मोहरीची पिशवी

"हे घातल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही," मालनबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात सुती कापडाची, वाटीएवढी गोल पिशवी होती. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये सुनेचा डावा स्तन गेला, तेव्हापासून अशा पिशव्या त्या स्वतः शिवायच्या. आत कापूस, आणि वजनासाठी मोहरी. मोहरी नजरेलाही बरी, असं त्यांचं म्हणणं. बाजारात मिळतं त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"आई, पळताना टोचतं हो ते," अनुराधा म्हणाली.

"टोचू दे. अख्खा तारनाका बघणार तुला. लोक काय म्हणतील?"

अनुराधानं पिशवी निमूटपणे ब्रेसियरच्या कप्प्यात कोंबली. वाद घालायची ताकद तिला आजच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी राखून ठेवायची होती.

आजारापूर्वी ती दर रविवारी युनिव्हर्सिटीच्या रस्त्यांवर पळायची. आठवडाभर सिकंदराबादच्या रेल्वे ऑफिसात फायली हलवायच्या आणि रविवारी उंडारायचं, असं सासूबाई नाक मुरडून सांगायच्या. मग ऑपरेशन, केमो, रेडिएशनचे शेक. वर्षभर घरानं तिला इतकं जपलं, की पाण्याची कळशीसुद्धा कुणी उचलू देईना. डॉक्टरांनी पळायला हो म्हटलं तरी घराची कुरकुर थांबेना. शेवटी तिनं नवऱ्याला ठणकावलं होतं, "आलात तर तुमच्याबरोबर, नाहीतर एकटी. पण पुरे दहा पळणार." त्या आजारानं नेलेल्या गोष्टींतली ही एक तरी तिला परत हिसकावून आणायची होती.

म्हणून आज उजवीकडे दिगंबर, डावीकडे लेक शर्वरी आणि मध्ये ती, अशी वरात निघाली होती. दिगंबरचं पोट त्याच्या चार पावलं पुढे पळत होतं.

"मम्मा, स्लो! हार्ट रेट बघ ना प्लीज."

"तू तुझा बघ. आणि बापाचा बघ आधी, कसा फुसफुसतोय."

"फुसफुसतोय कुठं? श्वास घेतोय," दिगंबर म्हणाला. "जरा आहिस्ता चल की. कायकू घाई?"

अर्धं अंतर सरलं. ऊन चढलं. पिशवी घामानं भिजून जड झाली, घासायला लागली. पाणी द्यायच्या टेबलापाशी तिनं ग्लाससाठी हात लांबवला आणि छातीशी काहीतरी टचकन उसवलं. मोहरी पोटावरून घरंगळत टी-शर्टखालून टपाटप डांबरावर पडू लागली.

"मम्मा, काय गळतंय हे?"

दिगंबरचा चेहरा उतरला. "इकडे ये, कडेला. शर्वरी, जॅकेट काढ तुझं. हे घाल वरून अन् रिक्षा करू. एवढं पळलीस, पुष्कळ झालं."

बापलेक दोघं तिच्या पुढ्यात पडद्यासारखे उभे राहिले. टेबलामागची मुलगी वाकून विचारू लागली, "मॅडम, क्या हुआ? ॲम्ब्युलन्स होना क्या?"

"नक्को," अनुराधा म्हणाली.

पुष्कळ झालं! वर्षभर हेच ऐकत आली होती ती. दोन घास खाल्लेस, पुष्कळ झालं. गच्चीपर्यंत चढलीस, पुष्कळ झालं. जगलीस, पुष्कळ झालं. तिला सणकून राग आला.

"काय लपवताय रे दोघं मिळून? चोरी केलीय का मी?"

तिनं टी-शर्टच्या गळ्यातून हात आत घातला, पिशवी ओढून काढली, उरलेली मोहरी झाडाच्या बुंध्याशी झाडली आणि ते रिकामं ओलं फडकं नवऱ्याच्या हातावर ठेवलं. "हे धरा. लाज वाटत असेल तर तुम्ही घाला."

दिगंबरला हसू फुटलं, हसता हसता डोळे भरून आले. त्यानं फडकं खिशात घातलं. शर्वरीनं जॅकेट कमरेला बांधलं आणि यावेळी "स्लो" म्हणाली नाही.

डाव्या बाजूला टी-शर्ट सपाट पडला होता. काहींनी पाहिलं, बहुतेकांना आपल्याच दमाची पडली होती. शेवटच्या चढावर ती चालली, थांबली, स्वतःच्या पायांना शिव्या दिल्या आणि पुन्हा पळाली. शेवटची रेघ तिनं ओलांडली तेव्हा दिगंबर बराच मागे राहिला होता.

पुढ्यात मालनबाई. रिक्षा करून आल्या होत्या, हातात सुती शाल. त्यांची नजर सुनेच्या छातीवर गेली आणि तिथेच थांबली. अनुराधानं मुद्दाम खांदे मागे घेतले.

"फाटली तुमची पिशवी. तरी पुरे दहा पळाले."

मालनबाईंनी शाल उलगडली. अंगावर टाकली तर फेकून द्यायची, अनुराधानं मनाशी ठरवलं. पण म्हातारीनं शालीच्या टोकानं तिचं कपाळ पुसलं, मान पुसली. मग हात क्षणभर अडला आणि टी-शर्टवरून ती सपाट जागाही त्यांनी हलकेच टिपली.

"शिवण कच्चीच होती माझी," त्या म्हणाल्या. "आता नाही शिवत."

शालीची घडी त्यांनी काखेत मारली. सुनेच्या डाव्या अंगाला उभ्या राहून तिचा दंड धरला आणि समोरच्या गर्दीवर खेकसल्या, "हटो जरा! बहू दौडके आई मेरी!"

लोक बाजूला झाले. दोघी सावकाश चालत निघाल्या.